माळ्यावरच्या कॅसेट: आधी कुठल्या वाचवायच्या, कशा वाचवायच्या

ज्यांची शाळा-कॉलेजची वर्षं १९८० ते २००० च्या दरम्यान गेली, त्यांच्या घरात माळ्यावर, दिवाणात किंवा शोकेसच्या खालच्या खणात कॅसेटचा एक तरी खोका सापडतोच. टेपरेकॉर्डर कधीच भंगारवाल्याकडे गेलेला असतो, पण कॅसेट टाकून द्यायला हात धजावत नाही. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "कशाला ठेवल्यात? सगळी गाणी मोबाइलवर आहेत." हे अर्धंच खरं आहे. मोठ्या कंपन्यांची गाजलेली गाणी मोबाइलवर आहेत, पण त्या खोक्यात फक्त तीच नसतात. आणि जे मोबाइलवर नाही ते फितीवरून उतरवून घ्यायला आता फार वर्षं हातात नाहीत. फीत तशी बऱ्यापैकी टिकते. ती वाजवणारी यंत्रं आणि ती यंत्रं दुरुस्त करणारी माणसं मात्र झपाट्याने कमी होत चालली आहेत.

हे काम घरच्या घरी होतं. त्यासाठी ध्वनितज्ज्ञ असावं लागत नाही. चिकाटी लागते, थोडं सामान लागतं आणि कामाचा क्रम माहीत असावा लागतो. क्रमाबद्दल माझा एकच आग्रह आहे: सुरुवात आवडत्या अल्बमपासून करू नका. ज्याची दुसरी प्रत जगात कुठेच नाही, त्या कॅसेटपासून करा.

आधी तीन ढीग करा

खोका रिकामा करून सगळ्या कॅसेट सतरंजीवर मांडा.

पहिला ढीग घरच्या आवाजांचा. मुलांचे बोबडे बोल, लग्नातले उखाणे, आजीच्या ओव्या, मंगळागौरीची गाणी, वाड्यातल्या गणेशोत्सवाचा कार्यक्रम, कुणाच्या दिवाणखान्यात झालेली मैफल. घरातलं कुणी आखातात किंवा अमेरिकेत होतं आणि पत्राऐवजी कॅसेट पाठवायचं, तर त्या कॅसेटही याच ढिगात. याला पर्याय नाही. ही फीत गेली की तो आवाज गेला.

दुसरा ढीग रेडिओवरून उतरवलेल्या आणि छोट्या कंपन्यांच्या कॅसेटचा. आकाशवाणीच्या पुणे, मुंबई, सांगली केंद्रांवरच्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग कुणी काकांनी रेडिओजवळ बसून केलेलं असेल, तर त्याची प्रत आकाशवाणीकडे असेलच असं धरून चालू नका. छोट्या कंपन्यांचंही तसंच. ग्रामोफोन तबकडी छापायला कारखाना लागायचा. कॅसेटच्या प्रती काढायला एक खोली आणि काही यंत्रं पुरत. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेली ही कॅसेट ऐंशीच्या दशकात आपल्याकडे स्वस्त झाली, तेव्हा ज्यांना तबकडीच्या जमान्यात कुणी विचारलं नव्हतं असे कितीतरी आवाज पहिल्यांदाच बाजारात आले. भीमगीतं, शाहिरी, भारुडं, कोळीगीतं, वगनाट्यं, गोव्यात तियात्रातली, म्हणजे कोकणी नाटकांतली, कांतारं (गाणी). पंढरपूर-जेजुरीच्या देवळाबाहेरच्या दुकानांत, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, दसऱ्याला नागपूरच्या दीक्षाभूमीवर या कॅसेट विकल्या जायच्या. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारख्यांची नावाजलेली गाणी आज सहज मिळतात, पण त्यांच्याच बरोबरीने गाणाऱ्या अनेकांचं गाणं कॅसेटवरच राहिलं. शास्त्रीय संगीताचीही हीच गोष्ट. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउसने काढलेल्या कॅसेट तुमच्याकडे असतील तर त्या याच ढिगात ठेवा.

तिसरा ढीग एचएमव्ही, टी-सीरिज, व्हीनस अशा मोठ्या कंपन्यांच्या चित्रपटगीतांचा आणि गाजलेल्या भावगीतांचा. हा सगळ्यात शेवटी.

लेबलवर विश्वास ठेवू नका. विकतच्या कॅसेटच्या मागच्या भोकांवर सेलोटेप लावली की तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग करता यायचं, आणि आपल्याकडे हे घरोघरी चालायचं. आरतीसंग्रहाच्या कॅसेटवर मधूनच आजोबांचा आवाज निघू शकतो. मागे सेलोटेपचा तुकडा दिसला की ती कॅसेट, वर काहीही छापलेलं असो, पहिल्या ढिगात टाका. नावच न लिहिलेल्या कॅसेटही तिथेच.

काहीही वाजवण्याआधी मागची पट्टी मोडा

कॅसेटच्या मागच्या कडेला, फीत जिथून दिसते त्याच्या विरुद्ध बाजूला, दोन टोकांना प्लास्टिकच्या दोन छोट्या पट्ट्या असतात. त्या शाबूत असल्या तर कॅसेटवर रेकॉर्ड होतं. मोडल्या तर रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. 'ए' बाजू आपल्याकडे करून धरली की डावीकडची पट्टी 'ए' बाजूची आणि उजवीकडची 'बी' बाजूची. बारीक स्क्रू ड्रायव्हरने दोन्ही मोडून काढा. सेलोटेप लावलेली असेल तर सोलून टाका. पहिल्या ढिगातल्या प्रत्येक कॅसेटचं हे काम आधी उरका. जुन्या टू-इन-वनवर (रेडिओ आणि टेप एकत्र असलेल्या यंत्रावर) प्ले आणि रेकॉर्डची बटणं शेजारी शेजारी असतात, आणि एक चुकीचं बोट पडलं की तेवढा आवाज कायमचा पुसला जातो.

उजेडात धरून तपासा

कॅसेट खिडकीजवळ नेऊन तिच्या पारदर्शक भागातून फितीच्या गुंडाळीकडे बघा. गुंडाळी गुळगुळीत आणि एकसारखी गडद तपकिरी किंवा काळपट दिसली तर उत्तम. कडेवर पांढरट पूड किंवा कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी. मुंबईत आणि कोकणात पावसाळे काढलेल्या कॅसेटमध्ये ती सर्रास असते. अशा कॅसेट लगेच वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि चांगल्या यंत्रात मुळीच घालू नका. एका कॅसेटची बुरशी हेडवाटे, म्हणजे यंत्रातल्या फीत वाचणाऱ्या भागावाटे, पुढच्या दहा कॅसेटला लागते.

मग समोरच्या कडेकडे बघा. मधोमध पितळी पत्र्याच्या पट्टीवर फेल्टचा छोटा तुकडा असतो. फीत हेडला घट्ट टेकलेली राहावी हे त्याचं काम. त्याचा गोंद वाळतो आणि तुकडा गळून पडतो. मग आवाज दबका येतो, मध्येच उजळतो, पुन्हा दबतो. पुष्कळ लोक "कॅसेट खराब झाली" म्हणून टाकून देतात, तेव्हा गेलेला असतो फक्त हा तुकडा.

शेवटी सहा कोनांची पेन्सिल चक्रात घालून अर्धा फेरा फिरवून बघा. सहज फिरलं तर ठीक. जड लागलं तर ती कॅसेट यंत्रात घालू नका. मोटर फीत ओढेल आणि तोडेल किंवा ताणेल. तुटलेली फीत जोडता येते, ताणलेली पूर्ववत होत नाही.

दमट जागेतून काढलेल्या कॅसेट काही दिवस कोरड्या खोलीत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवा. उन्हात ठेवू नका आणि हेअर ड्रायरही लावू नका.

वाजवायचं कशावर

सगळ्यात महत्त्वाचा खर्च इथेच आहे. ऑनलाइन मिळणारे, वॉकमनच्या आकाराचे, "कॅसेटचं एमपी३ करा" म्हणून विकले जाणारे स्वस्त प्लास्टिकचे डबे घेऊ नका. त्यांचा वेग स्थिर नसतो. त्यावर तंबोरा ऐकलात तर लाटेवर हलल्यासारखा ऐकू येतो, शिवाय यंत्राची स्वतःची खरखर त्यात मिसळते. एकुलत्या एक कॅसेटसाठी असलं यंत्र वापरणं म्हणजे काम केल्यासारखं दाखवणं.

घ्यायचा तो जुना, चांगल्या कंपनीचा कॅसेट डेक. किंवा ते जमत नसेल तर जुना, धड चालणारा वॉकमन. नात्यात, शेजारीपाजारी विचारा. पुष्कळ घरांत म्युझिक सिस्टिमचा डेक शोभेला ठेवलेला असतो. नाहीतर मुंबईत चोरबाजार आणि पुण्यात बुधवार-रविवारी भरणारा जुना बाजार. जाताना हेडफोन आणि वाया गेली तरी चालेल अशी कॅसेट सोबत न्या. दोन्ही दिशांना फीत शेवटपर्यंत पळवून बघा. मग तंबोरा, संथ पेटी किंवा पियानो असलेला भाग ऐका. लांब धरलेला एकच सूर डुगडुगतोय का, एवढंच कानाने पकडायचं. ढोलकीच्या गाण्यावर हा दोष कळत नाही.

वीज मिळूनही यंत्र फीत फिरवत नसेल तर बहुतेक वेळा रबरी बेल्ट गेलेला असतो. तो सैल पडतो किंवा वितळून डांबरासारखा चिकट होतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरात चौकशी केलीत तर बेल्ट आणि दुरुस्ती करणारे जाणते हात अजून सापडू शकतात. जुना बेल्ट, तुटका असला तरी, सोबत न्या; मापाला तोच लागतो.

घरच्या टू-इन-वनवर केलेलं रेकॉर्डिंग असेल आणि तोच टू-इन-वन अजून जिवंत असेल, तर आधी त्यावर वाजवून बघा. ज्या हेडने आवाज भरला त्याच हेडने तो सगळ्यात स्पष्ट उमटतो. त्याचं कारण पुढे येतंच.

हेड पुसणं आणि हेडचा कोन

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. दुकानदार त्याला आयपीए म्हणतात. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरिन असतं. कापसाची काडी त्यात भिजवून, निथळून, हेडचा चकचकीत पृष्ठभाग आणि शेजारची बारीक धातूची दांडी पुसा. काडीवर तपकिरी डाग येतो तो फितीचा झडलेला लेप. काडी स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहा. दांडीला चिकटून फिरणाऱ्या रबरी चाकाला मात्र अल्कोहोल वारंवार लावू नका, रबर वाळतं; ते ओलसर सुती कापडाने पुसा. दर चार-पाच कॅसेटनंतर हे पुन्हा करा. आग जवळ नको, खिडकी उघडी असू द्या.

आता कोन. हौशी लोकांच्या कामात नेमकी हीच पायरी राहून जाते आणि फरक सगळ्यात जास्त हीच पाडते. कॅसेटच्या फितीची रुंदी जेमतेम ३.८ मिलिमीटर. त्यात दोन्ही बाजूंचे मिळून चार पट्टे, आणि फीत सरकते सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर. इतक्या अरुंद जागेत हेड केसभर जरी तिरकं असलं तरी वरचे, धारदार सूर आधी नाहीसे होतात. भरणाऱ्या यंत्राचं हेड एका कोनात होतं, तुमचं दुसऱ्या कोनात आहे, म्हणून आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. फीत बिघडलेली नसते.

डेकचं झाकण काढलं की हेडच्या दोन बाजूंना दोन स्क्रू दिसतात. ज्याच्याखाली स्प्रिंग आहे तो कोन बदलायचा. कॅसेट वाजत असताना हेडफोन लावा, शक्य असेल तर दोन्ही कानांत एकत्र केलेला, म्हणजे मोनो आवाज ऐका, आणि तो स्क्रू अगदी हळू, एका वेळी फेऱ्याच्या आठव्या भागाहून कमी फिरवा. कान कुठे लावायचा? भजन असेल तर टाळांच्या किणकिणीवर, बोलणं असेल तर 'स' आणि 'श'वर, तबला असेल तर चाटीवर. एका ठिकाणी आवाज एकदम उघडतो. तिथे थांबा. स्क्रूची मूळ जागा आधीच स्केचपेनने खूण करून ठेवा आणि काम झाल्यावर परत तिथे आणा. हे प्रत्येक कॅसेटला, कधी कधी प्रत्येक बाजूला वेगळं करावं लागतं. कॅसेट न उलटता दोन्ही बाजू वाजवणारे डेक दर दिशेला वेगळा कोन घेतात, म्हणून त्या सोयीचा मोह टाळून कॅसेट हाताने उलटा.

कॅसेट उघडायची वेळ आली तर

पाच स्क्रू असलेली कॅसेट उघडणं सोपं आहे. टेबलावर पांढरं कापड पसरा, कॅसेट 'ए' बाजू वर करून सपाट ठेवा, स्क्रू काढा आणि वरचं अर्धं झाकण सरळ वर उचला. उचलताना तिरकं करू नका. लगेच मोबाइलवर फोटो काढा. आत काय दिसतं: दोन चक्रं, त्यांच्या वर-खाली पातळ चकचकीत कागद, समोरच्या दोन कोपऱ्यांत दोन छोटी चाकं, काहींत चाकांच्या बारीक धातूच्या पिना, मध्ये फेल्टची पट्टी आणि तिच्यामागे धातूचा एक तुकडा. पिना घरंगळतात आणि पुन्हा सापडत नाहीत, म्हणून हाताशी एक वाटी ठेवा.

फेल्ट गेलं असेल तर टाकाऊ कॅसेटमधली पट्टी सरकवून काढा आणि इथे बसवा. सगळं कवचच वाकलं असेल तर फितीसकट दोन्ही चक्रं उचलून चांगल्या, स्क्रूवाल्या कवचात ठेवा. यासाठी तिसऱ्या ढिगातल्या दोन-चार कॅसेटचा बळी द्यायला माझी हरकत नाही.

फीत तुटली असेल तर सेलोटेप लावू नका. उष्णतेने तिचा गोंद सुटतो, शेजारच्या वेढ्यांना लागतो आणि हेडवर बसतो. फीत जोडायची खास चिकटपट्टी मिळते, ती मागवा. दोन्ही टोकं एकावर एक ठेवून तिरका छेद द्या, टोकं एकमेकांना भिडवा आणि चिकटपट्टी आतल्या बाजूने, म्हणजे फितीची जी बाजू चक्राकडे असते तिथे लावा. बाहेरची बाजू हेडला टेकते, तिला काहीही लागता कामा नये. कडेला आलेली जादा चिकटपट्टी ब्लेडने कापून टाका. चुरगळलेला भागही शक्यतो कापू नका, बोटांनी सपाट करा. एक सेंटीमीटर फीत म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग, आणि तेवढ्यात एक अक्षर मावतं.

काही कॅसेटना स्क्रूच नसतात, दोन्ही झाकणं यंत्राने चिकटवलेली असतात. सांध्यावरून पातळ सुरी हळूहळू फिरवत ते फोडावं लागतं आणि फीत दुसऱ्या कवचात हलवावी लागते. पहिला प्रयोग कधीही पहिल्या ढिगावर करू नका.

बुरशी लागलेली कॅसेट घरी साफ करायचीच असेल तर मास्क लावून, गॅलरीत, जुन्या टाकाऊ यंत्रावर फीत पळवत मऊ कोरड्या कापडातून जाऊ द्या. पण ती कॅसेट पहिल्या ढिगातली असेल, तर हे काम नेहमी करणाऱ्या जाणकाराकडे द्या. तो आधी मशीन कुठलं वापरतो, फीत कशी साफ करतो आणि शेवटी फक्त एमपी३ देतो की मूळ मोठी फाइलही देतो, हे विचारून घ्या. जमलं तर कॅसेट कुरिअरने पाठवण्यापेक्षा स्वतः नेऊन द्या.

संगणकावर उतरवणं

वर्षानुवर्षं पडून असलेली कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे पळवा. चिकटलेले वेढे सुटतात आणि ताण एकसारखा होतो. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची फीत साठच्या कॅसेटपेक्षा पातळ असते आणि एकशेवीसची त्याहून पातळ, त्यामुळे ही पळवापळवी मोठ्या कॅसेटवर बेताने करा.

डेकच्या मागच्या लाल-पांढऱ्या 'लाइन आउट'मधून वायर काढायची आणि ती संगणकाच्या यूएसबीला जोडायच्या छोट्या ऑडिओ इंटरफेसमध्ये घालायची. बेहरिंजर यूसीए२०२ यासारखा साधा डबाही पुरतो. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात थेट वायर खुपसू नका. बहुतेक वेळा तिथे एकच चॅनेल जातो आणि आवाज फाटतो. वॉकमन असेल तर हेडफोनच्या भोकातून वायर घ्या, आवाज निम्म्यावर ठेवा आणि बास वाढवायची सगळी बटणं बंद करा.

सॉफ्टवेअर म्हणून ऑडॅसिटी मोफत मिळतं आणि ते या कामाला भरपूर आहे. सेटिंग ४८,००० हर्ट्झ आणि तुमचा डबा देत असेल तर २४ बिट ठेवा. ध्वनिसंग्रहालयंही किमान एवढंच मागतात. साठ मिनिटांच्या कॅसेटची अशी फाइल साधारण १ जीबीची होते. १६ बिटवर काम करावं लागलं तरी थांबून राहू नका. कॅसेटमधला सगळ्यात मोठा आवाज शोधून वाजवा आणि पातळीचा काटा उणे ६ डेसिबलच्या आसपास थांबेल असं बघा. शून्याला टेकलं की आवाज फाटतो आणि तो नंतर दुरुस्त होत नाही.

कॅसेटच्या डबीतल्या कार्डावर डॉल्बीचं (सळसळ कमी करणाऱ्या तंत्राचं) चिन्ह, एकमेकांकडे तोंड केलेले दोन 'डी', असेल तर डेकवर डॉल्बी बी सुरू करा. घरच्या टू-इन-वनवर भरलेल्या कॅसेटना ते सहसा नसतं, तिथे डॉल्बी बंद.

मग प्ले दाबा आणि बाजू संपेपर्यंत हात लावू नका. साठची कॅसेट साठ मिनिटंच घेणार, याला आडवाट नाही. मला हा भाग मनापासून आवडतो, कारण आता अल्बम सलग ऐकायची सवयच राहिलेली नाही. एक गाणं संपत आलं की पुढच्याचा पहिला सूर डोक्यात आधीच वाजायला लागतो. हा क्रम आपल्या कानांवर त्या कॅसेटनेच कोरलेला आहे. दुकानातून यादी देऊन भरून घेतलेल्या कॅसेटचा क्रम तर दुसऱ्या कुणाकडेच नसतो; पंचविशीतल्या वडिलांना कुठल्या गाण्यामागून कुठलं हवंसं वाटलं, हे त्या यादीत नोंदलेलं आहे. म्हणून प्रत्येक बाजूची एक अखंड फाइल कायम ठेवा. गाणी सुटी करायची ती तिच्या प्रतीतून. शेवटचं गाणं फीत संपल्यामुळे अर्ध्यावर तुटलं असेल तर तेही तसंच राहू द्या.

सूर चढलाय का, उतरलाय का

जुन्या टेपरेकॉर्डरचे वेग कमी-जास्त असायचे, त्यातून सेल उतरलेले असले तर विचारूच नका. वेगात सुमारे सहा टक्के फरक पडला की सूर एका पट्टीने सरकतो, काळी एक ऐकायच्या जागी पांढरी दोन ऐकू येते आणि ओळखीचा आवाज अनोळखी वाटतो. परदेशी मार्गदर्शकांत विजेच्या घरघरीवरून वेग मोजायला सांगतात. आपल्याकडे त्या काळी विजेची वारंवारता ५० हर्ट्झवरून ४९ च्याही खाली जायची, म्हणून त्यावर भिस्त ठेवू नका. आपल्याकडे त्याहून चांगलं साधन आहे: पेटी. रेकॉर्डिंगमध्ये पेटी असेल तर मोबाइलवरचं ट्यूनर किंवा तंबोऱ्याचं अ‍ॅप लावून तिचा षड्ज कुठल्या पट्टीवर बसतो ते बघा. दोन पट्ट्यांच्या अधेमधे अडकला असेल तर वेग चुकलाय. पेट्याही थोड्या उतरलेल्या असतात, त्यामुळे हा अंदाज समजा आणि शेवटचा कौल माणसाला ओळखणाऱ्या कानाला द्या. दुरुस्त करताना ऑडॅसिटीत वेग आणि सूर दोन्ही एकत्र बदलणारा पर्याय निवडा; फक्त लय बदलणारा नको.

खरखर किती काढायची

कमीत कमी. फितीची सळसळ काढायची सोय ऑडॅसिटीत आहे: नुसती सळसळ असलेला दोन सेकंदांचा तुकडा निवडून त्याचा नमुना घ्यायचा आणि मग तो सगळीकडून वजा करायचा. पाच-सहा डेसिबलच्या पुढे गेलात की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि तंबोऱ्याची जवारी मरते. आजीच्या ओवीमागे जात्याची घरघर असेल, मागे कुकरची शिट्टी आणि "ए, हळू बोला, टेप चालू आहे" असं कुणीतरी म्हणालेलं असेल, तर ते रेकॉर्डिंगचाच भाग आहे. ते पुसू नका. आणि काहीही साफ केलंत तरी मूळ फाइल तशीच वेगळी ठेवा. दहा वर्षांनी सॉफ्टवेअर सुधारेल, तेव्हा मूळच हवी असेल.

नावं, कार्ड आणि प्रती

कॅसेटचं कार्ड पूर्ण उलगडून दोन्ही बाजूंनी ६०० डीपीआयवर स्कॅन करा. त्यावर वादकांची, संगीत संयोजकांची, ध्वनिमुद्रकांची नावं असतात, जी मोबाइलच्या अ‍ॅपवर बहुतेक वेळा गायब असतात. हातानं लिहिलेलं कार्ड असेल तर अक्षर कुणाचं हेही नोंदवा. फाइलच्या नावात आधी साल, मग प्रसंग, मग बाजू: '१९८९ – गणेशोत्सव – भजन – बाजू ए' असं. साल नक्की माहीत नसेल तर 'अंदाजे' लिहा. नुसतं 'नवीन फोल्डर २' असं काही ठेवलंत तर पाच वर्षांनी तुम्हालाच कळणार नाही.

जपायची फाइल वेव्ह किंवा फ्लॅक स्वरूपात ठेवा. फ्लॅकमध्ये काहीही न गमावता आकार बराच कमी होतो. नातेवाइकांना पाठवायला एमपी३ चालते. एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी वेगळ्या डिस्कवर दुसऱ्याच घरी, आणि जमलं तर तिसरी क्लाउडवर. पेन ड्राइव्ह ही जपून ठेवायची जागा नाही. ज्यांनी २००० नंतरच्या वर्षांत कॅसेटच्या सीडी करून घेतल्या त्यांनी त्या सीडीही आत्ताच काढून संगणकावर उतरवाव्यात. घरी भरलेल्या सीडी कॅसेटच्या आधी दगा देतात. आणि मूळ कॅसेट, ती बरी असेल तर, फेकू नका: त्या सीडीवर बऱ्याचदा दाबलेली, हलकी एमपी३च असते.

कायद्याचं थोडक्यात

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात स्वतःच्या खासगी वापराला जागा आहे. पण उतरवलेला अल्बम यूट्यूबवर चढवणं हा खासगी वापर नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं राहतो, आणि शब्द व चाल यांचे हक्क त्याहून वेगळे मोजले जातात. छोट्या कंपनीची दुर्मिळ कॅसेट असेल तर त्या कलाकाराच्या घरच्यांना शोधून त्यांना एक प्रत द्या. पुष्कळदा त्यांच्याकडेच ती नसते. खासगी मैफलीचं रेकॉर्डिंग असेल तर कलाकाराला किंवा त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका.

कॅसेट परत ठेवताना

प्रत्येक कॅसेट एका टोकापर्यंत पूर्ण गुंडाळा, डबीत घाला, पुस्तकासारखी उभी ठेवा. माळा नको, तिथे उन्हाळ्यात फार तापतं. स्वयंपाकघराची आणि न्हाणीघराची भिंतही नको. स्पीकरपासून लांब, आतल्या खोलीतलं कपाट बरं. पावसाळ्याआधी सिलिका जेलच्या पुड्या बदला.

आता पहिल्या ढिगाच्या फाइल घेऊन घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाजवळ बसा. हे काम लांबणीवर टाकू नका, कॅसेट थांबेल. मागे पेटी कोण वाजवतंय, मध्येच हसलं ते कोण, ही ओवी कुणाच्या माहेरची, हे आत्ता सांगणारं कुणीतरी आहे. ते बोलत असताना मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि ती फाइल त्याच फोल्डरमध्ये, त्याच नावाने, पुढे 'माहिती' जोडून ठेवा.